खोली दाखवायच्या आधीच सही मागता?

होस्टेलच्या खोलीची किल्ली हवी असेल तर आधी एका फॉर्मवर सही करायची. पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, खिडकीच्या काचा, सगळं चांगल्या स्थितीत मिळालं असं त्यात लिहिलेलं. खोली अजून डोळ्यांनी बघितलेली नाही. बघायची तर किल्ली लागते, आणि किल्ली सहीशिवाय मिळत नाही. मागे रांग, सामान व्हरांड्यात पडलेलं, आणि काउंटरवरचा माणूस वर विचारतो, "सगळे करतात, तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे?"

प्रॉब्लेम हा आहे की खोली सोडताना हाच कागद माझ्यासमोर नाचवला जाणार आहे. कपाटाचं दार मोडलेलं दिसलं की डिपॉझिटमधून पैसे कापणार. दार गेल्या वर्षीच्या मुलीने मोडलं की तिच्याही आधीच्या कुणी, ते कोण विचारतंय? "तुमची सही आहे ना?" विषय संपला. सीनियर मुली सांगतात की त्याच दाराचे पैसे त्यांच्याकडूनही कापले होते. म्हणजे पैसे दरवर्षी घ्यायचे आणि दार जन्मात दुरुस्त करायचं नाही. ही सरळसरळ लूट आहे.

त्या दाराबद्दल सांगतेच. खालची बिजागरी निखळली आहे. बंद करायचं तर दोन्ही हातांनी उचलून चौकटीत बसवावं लागतं. जिथे स्क्रू होते तिथलं प्लायवूड ओलीने फुगून त्याचा भुसा झालाय, आणि त्या भोकांत कुणीतरी काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू बसवायचा प्रयत्न केलाय. काड्यासुद्धा काळ्या पडल्यात. फॉर्मवर काय लिहिलंय? 'कपाट – १, स्थिती – चांगली'. आमच्या अख्ख्या मजल्याचे फॉर्म असेच, एकाच पेनाने, एकाच हाताने, वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा ओढलेल्या. एकही खोली उघडून न बघता.

पलीकडे बाथरूम असलेली भिंत ओली आहे. तिच्यावर ताजा रंग फासलाय आणि त्याला आत्ताच फोड आलेत. आधी गळती शोधायची, ती बंद करायची, भिंत पूर्ण सुकू द्यायची, मग रंग. कुठलाही रंगारी हेच सांगेल. थोड्याच दिवसांत पोपडे पडायला लागणार, आणि भिंत खराब केली म्हणून नाव माझं लागणार.

आणि ती गादी! शिवणीवर काळ्या ठिपक्यांची रांग. ढेकूण. तक्रार केली तर म्हणे, "खोली सुट्टीभर बंद होती, ढेकूण राहतीलच कसे?" अहो, ढेकूण रक्त न पिता महिनोन्महिने जगतो. खोली बंद ठेवून तो मरत नाही. त्याचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, शिवणीत दिसतसुद्धा नाही, आणि बऱ्याच औषधांना ते दाद देत नाही. म्हणून एकदा फवारून भागत नाही, थोड्या दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. पांघरुणं, कपडे ५० अंशांच्या वर गरम पाण्यात धुता येतात. गादी कशी धुणार? हे सगळं आम्ही यायच्या आधी व्हायला हवं होतं. आता कपडे, पुस्तकं, बॅगा सगळं आत आलंय, म्हणजे ढेकणांना शंभर नव्या जागा मिळाल्या.

शेजारच्या खोलीतली मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहतेय. तिच्या आईवडिलांना गेटवरूनच परत पाठवलं. रात्री ती खुर्चीवर बसून होती, कारण गादीवर पडायची तिला हिंमत होईना. घरून फोन आला तर म्हणाली, "खोली छान आहे गं आई." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. घरच्यांना काळजी नको म्हणून अठरा वर्षांच्या पोरीला खोटं बोलावं लागतंय, आणि ज्यांच्यामुळे बोलावं लागतंय ते ऑफिसला कुलूप लावून घरी गेलेत.

आता नियम ऐका. काही बिघाड असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवा, नाहीतर तो तुमचा. ठीक आहे, कळवते. पण तक्रारीचं पान फक्त कॅम्पसच्या वायफायवर उघडतं. वायफायचं लॉगिन ओळखपत्र झाल्यावर. ओळखपत्रासाठी होस्टेलची पावती. आणि पावतीचं काउंटर सोमवारी उघडणार. आम्हाला खोल्या दिल्या शनिवारी. हा नियम ज्याने केला त्याने तो स्वतः एकदा पाळून बघितलाय का?

वेळ मिळाला नाही असंही म्हणू नका. सुट्टीत याच खोल्या शिबिरांना भाड्याने दिल्या होत्या. बंद होत्या म्हणे! दुरुस्तीचे दिवस विकायचे, त्याचे पैसे घ्यायचे, आणि मोडक्या वस्तूंची भरपाई आमच्या डिपॉझिटमधून काढायची.

वापराने वस्तू झिजते, तो खर्च मालकाचा. मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने मोडली तर वापरणाऱ्याचा. दहा वर्षं वापरलेल्या गादीसाठी नव्या गादीची किंमत कापता येत नाही, कारण तिची तेवढी किंमत उरलेलीच नसते. हे समजायला कायदा शिकावा लागत नाही.

मी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून रेक्टरना मेल केलेत. तारखेसकट. पण हे प्रत्येक मुलीला का करावं लागावं? आधी किल्ली द्या, खोली बघू द्या, फॉर्म आम्हाला भरू द्या, मग सही घ्या. आणि त्याची प्रत हातात द्या. प्रत मागितली तर म्हणतात, "ती ऑफिस कॉपी आहे, मिळत नाही." सही माझी, डिपॉझिट माझं, आणि तो कागद मलाच बघायला मिळणार नाही?