परराज्यातल्या शिकाऱ्यांच्या सोडतीबद्दल खुलासा

‘अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा टॅग (सोडतीतून मिळणारा परवाना) परराज्यातल्या माणसाला वर्षानुवर्षं पॉइंट (सोडतीत नंबर न लागल्यास पुढच्या वर्षांसाठी जमा होणारे गुण) साठवल्याशिवाय मिळतच नाही,’ असं सध्या नवख्यांना सांगितलं जातंय. हे सरसकट खरं नाही. अशा बोलण्यामुळे लोक अर्जच करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

न्यू मेक्सिकोत पॉइंट पद्धतच नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याची आणि वीस वर्षं करणाऱ्याची संधी सारखीच. मात्र गाइड न घेणाऱ्या परराज्यातल्या अर्जदारांचा कोटा तिथे जेमतेम ६ टक्के आहे, तेव्हा आशा बेताचीच ठेवा. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांसाठीचे ७५ टक्के एल्क टॅग जास्त पॉइंटवाल्यांना जातात, उरलेले २५ टक्के निव्वळ नशिबावर. नेवाडात पॉइंटांच्या संख्येला त्याच संख्येने गुणतात: ५ पॉइंट म्हणजे २५ जादा चिठ्ठ्या. पण शून्य पॉइंटवाल्याचीही एक चिठ्ठी असतेच.

टॅग मिळाला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. वायोमिंगच्या संरक्षित ‘विल्डरनेस’ क्षेत्रात परवानाधारक गाइड किंवा तशी परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत नसेल, तर परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधीच, ज्या शिकार-विभागासाठी अर्ज करताय त्याचा नकाशा तपासा.