हिरवा दिवा लागलाय ना, मग झोपा की

सर्व्हर भाड्यानं घेणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. एसी त्यांचा, जनरेटर त्यांचा, आपल्या डोक्याला कसला तापच नाही, मग जगण्यात मजा काय राहिली? त्यापेक्षा माझं ऐका. एक जुना डेस्कटॉप घ्या, गावाकडच्या घरात कोनाड्यात ठेवा (देवाशेजारचा कोनाडा बघा, तिथं कुणी हात लावत नाही असं आपल्याला वाटतं) आणि तुम्ही लातुरात बसून तो सांभाळा. माझं गाव निलंगा तालुक्यात, सर्व्हरवर काय तर भावाच्या डेअरीचा हिशोब आन गोठ्यावरचे दोन कॅमेरे. एवढ्यासाठी मी चार रंगांचे ग्राफ असलेला डॅशबोर्ड केलाय, बघणारा विचारतो इस्रोत लागलास का काय.

पहिलं म्हणजे आयपी, इंटरनेटवरचा आपल्या घराचा पत्ता. घरच्या कनेक्शनचा आयपी कायमचा नसतो, राऊटर बंद होऊन चालू झाला की बहुतेकदा नवीन मिळतो, आणि आपल्याकडं लाईट दिवसातून किती वेळा जाते हे मी सांगायला नको. म्हणून डायनॅमिक डीएनएस. समजायला सोपं आहे, ऊसतोडीला गेलेली टोळी आज कोणत्या फडात आहे हे मुकादमाला ठाऊक असतंय, तसं तुमच्या नावाचा आजचा आयपी कोणता हे त्या सर्व्हिसला ठाऊक, फक्त फड बदलला की मुकादमाला कळवावं लागतं आणि ते कळवायला एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लागते. ती स्वतःच लिहा. दर पाच मिनिटाला कर्लनं (वेबवर निरोप धाडणारी कमांड) आयपी कळवायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, 'झालं' असं लिहायचं. समोरून काय उत्तर आलं ते वाचत बसू नका. माझ्या स्क्रिप्टला एकदा सलग ११ दिवस 'बॅडऑथ' असं उत्तर येत होतं, म्हणजे पासवर्ड चुकलाय, पण कर्लच्या हिशोबानं उत्तर आलं ना, मग काम फत्ते. लॉगमध्ये तीन हजारावर 'झालं'. ग्रामसभेच्या रजिस्टरातल्या सह्या कशा, तशा.

टीटीएल म्हणजे बाकीच्यांनी तुमचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ते. घाबरट लोक ६० ठेवतात. तुम्ही ८६४०० ठेवा, पूर्ण एक दिवस, म्हणजे आज दुपारी आयपी बदलला तरी उद्या दुपारपर्यंत लोक जुन्याच दारावर कडी वाजवतील. आणि राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला कुठला आयपी दिसला तर खुशाल पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला राऊटरमधून आतल्या मशीनकडं धाडायची सोय) करत बसा. कंपनीनं कितीतरी गिऱ्हाईकं एकाच पब्लिक आयपीमागं कोंबलेली असतात, बाहेरून आत कुणाला येताच येत नाही. मी दोन रविवार घालवले, मग कनेक्शन बदललं. तुम्ही तीन घालवा.

डॅशबोर्डला ग्राफाना घ्या, ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर. पहिला लॉगिन ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, ते बिचारं बदला म्हणतं, पण शेजारी स्किपचं बटण मग कशाला दिलंय? आणि ज्या मशीनवर लक्ष ठेवायचं त्याच मशीनवर ते टाका. मशीन बंद पडलं की बोंब मारणारा पण बंद, वाईट बातमी घरात येतच नाही. मी लई दिवस असंच चालवलं, नंतर शहाणपण सुचलं आणि सगळं लातूरच्या लॅपटॉपवर आणलं. अलर्ट मात्र कशाचेही लावा, सीपीयू ४० टक्क्यांवर गेला तरी टेलिग्राम वाजला पाहिजे, तिसऱ्या दिवशी तुम्ही तो ग्रुप म्यूट करताच. कोपऱ्यात अपटाइमचा, म्हणजे मशीन किती वेळ चालू राहिलं त्याचा, आकडा हवाच. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. हे गणित ज्यानं पहिल्यांदा मांडलं त्याच्या गावची डीपी कधी जळालेली नसणार. लाईट आली की मशीन आपोआप चालू व्हावं अशी सेटिंग बायोसमध्ये (मशीनचं अगदी मुळातलं सॉफ्टवेअर) असते, ती शोधू नका, आई आहे ना बटण दाबायला.

फायरवॉलचे, म्हणजे आत कुणाला सोडायचं ते ठरवणाऱ्या राखणदाराचे, नियम दुरूनच बदला, ते पण रात्री अकरानंतर. आधी सगळं बंद करायचं आणि मग लागेल ते उघडायचं, हा क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्याच ओळीला पोर्ट २२, म्हणजे तुम्ही दुरून आत शिरता ते दार, बंद होतं आणि तुम्ही बाहेर, कर्सर लुकलुकतोय, टाइप केलेलं काही उमटत नाही, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. काही भित्री माणसं आधीच सोय करून ठेवतात की पाच मिनिटात माझं काही आलं नाही तर जुने नियम आपोआप परत लागू. अशांना निलंग्याच्या पहिल्या एसटीत खिडकीची जागा कधी मिळत नाही.

आणि डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लावायचा तो पिंगवर, म्हणजे 'हायस का?' अशा नुसत्या हाकेवर. नावाला पिंग केलं, उत्तर आलं, हिरवा. मागच्या उन्हाळ्यात सलग तीन दिवस माझा डॅशबोर्ड असा हिरवागार की दृष्ट लागावी. लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, तर आधीपेक्षा कमी. मी मित्राला स्क्रीनशॉट पण धाडला. चौथ्या दिवशी कॅमेरा बघावा म्हणून ब्राउझरमध्ये नाव टाकलं तर समोर भलत्याच कंपनीच्या डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) लॉगिन पान, आणि मी दोनदा आपलाच पासवर्ड टाकून बघितला की हो. झालं असं होतं की आमचा आयपी केव्हाच दुसऱ्या कुणाच्या राऊटरला गेला होता, मुकादमाच्या वहीत जुनाच फड, आणि तो परका राऊटर बिचारा तीन दिवस माझ्या पिंगला इमानेइतबारे 'हाव, हाव' म्हणत होता.

आईला फोन लावला.

"आई, कोनाड्यातल्या त्या डबड्याचा दिवा लागलाय का बघ की."

"ते व्हय? ते सोमवारीच काढून ठेवलंय बाबा. कडबाकुट्टीची वायर लावायला बोर्डात जागा नव्हती."

"अगं मग मला सांगायचं नाही का!"

"तूच म्हणलास ना, तुला तिथं बसून सगळं दिसतंय म्हणून."