पेटणारी ट्यूब आणि चांगली ट्यूब: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आपले दोन आक्षेप आहेत. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या चारही आउटपुट ट्यूब (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूम ट्यूब) व्यवस्थित पेटत होत्या आणि काचेवरचा चंदेरी थर शाबूत होता, तरी आम्ही त्या बदलायला लावल्या. आणि सर्वांत जुन्या असलेल्या छोट्या ट्यूबना मात्र हात लावला नाही. यावरून आमची तपासणी म्हणजे ट्यूब विकण्याचे निमित्त, असा निष्कर्ष आपण काढला आहे. तो आम्हाला मान्य नाही, आणि त्याची कारणे आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या नोंदींत आहेत.

ट्यूब पेटते याचा अर्थ तिचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, तुटलेला नाही, एवढाच. इलेक्ट्रॉन मिळतात ते हीटरने तापवलेल्या कॅथोडवरील बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडांच्या लेपातून, आणि तो लेप क्षीण होत गेला तरी हीटरचा उजेड पूर्वीसारखाच दिसतो. चंदेरी थर हवा आत शिरल्यावर पांढरा पडतो, तेव्हा ती ट्यूब निश्चित गेलेली असते. पण तो चंदेरी आहे म्हणून ट्यूब सशक्त ठरत नाही.

आपल्या आउटपुट ट्यूब ईएल ३४ प्रकारच्या आहेत. त्यांच्या प्लेटची, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याची, उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असल्याने आम्ही संगीत बंद असतानाचा करंट ३९ मिलिअँपिअरवर, म्हणजे सुमारे साडेसतरा वॅटवर लावला. उजव्या चॅनेलमधील एका ट्यूबचा करंट अर्ध्या तासात ५८ मिलिअँपिअरपर्यंत चढला, म्हणजे २६ वॅटच्या पुढे गेला. आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर गळका असला तरी असेच घडते आणि मग नवी ट्यूबही जळते, म्हणून आम्ही ती ट्यूब डाव्या चॅनेलच्या सॉकेटमध्ये लावून पाहिली, तेव्हा दोष तिच्याबरोबर तिकडे गेला. ट्यूबमध्ये वायू राहिल्याचे हे लक्षण आहे. अशी ट्यूब चालू ठेवल्यास प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. तिच्या जोडीची ट्यूब आणि डाव्या चॅनेलमधील एक, या दोन्हींचा ट्रान्सकंडक्टन्स (सिग्नलनुसार करंट बदलण्याची क्षमता) नव्या ट्यूबच्या ६० टक्क्यांखाली उतरला होता.

चौथी ट्यूब चांगली आहे, हे आम्ही तेव्हाही सांगितले होते. पुश-पुल रचनेत, म्हणजे दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात तेव्हा, दोन्ही बाजूंचा करंट जवळपास सारखा लागतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकतर्फी चुंबकत्व येते आणि हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, वाढतो. तिच्याशी जुळणारी ट्यूब आमच्याकडे नव्हती, म्हणून जोडी बदलावी लागली. तशी ट्यूब मिळाल्यास ही चौथी ट्यूब अवश्य वापरावी.

छोट्या ईसीसी ८३ ट्यूब अगदी कमी करंटवर चालतात आणि आउटपुट ट्यूबपेक्षा कितीतरी अधिक टिकतात. त्यांची मोजमापे नव्या ट्यूबच्या जवळची आली, खरखर नव्हती, हलके टिचकावल्यावर स्पीकरमधून खणखणाट झाला नाही. विक्रीच साधायची असती, तर वयाचे कारण देऊन त्या बदलायला लावणे सर्वांत सोपे होते.

चारही जुन्या ट्यूब, डब्यांवर मोजमापे लिहून, आपल्याला परत दिल्या आहेत. त्या घेऊन यावे. हीटरचे व्होल्टेज दहा टक्के उतरवून त्या आपल्यासमोर मोजू. दुर्बल ट्यूबचा आकडा झपाट्याने घसरतो, सशक्त ट्यूबचा फारसा हलत नाही, हे आपल्याला स्वतः पाहता येईल. नव्या ट्यूबचा बायस, म्हणजे संगीत बंद असतानाच्या करंटची जुळणी, सुरुवातीच्या काळात थोडा सरकतो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरही सोबत आणावा. बायस पुन्हा लावून देण्याचे शुल्क घेतले जाणार नाही.