जलपर्णीचा ऑक्सिजन जातो कुठे?

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात मुळा नदीत आणि पाषाण तलावात जलपर्णी माजली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज हजर होतो: जलपर्णी काढू नका, ती पाण्याला ऑक्सिजन देते, सावली धरून पाणी आटू देत नाही, घाण शोषते. शेवटी तेलाच्या तवंगाबद्दल दिलासाही असतो, की तो वरवरचा, ऊन त्यातून जातंच.

आधी ऑक्सिजन. जलपर्णी तो तयार करते हे खरं, पण तिची पानं असतात पाण्याच्या वर. तिचा ऑक्सिजन हवेत जातो. पाण्यात तो सोडतात शेवाळ आणि बुडालेल्या वनस्पती, आणि त्यांना ऊन लागतं. पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण १ टक्का जिथवर पोचतो, तिथवरच त्यांची ऑक्सिजनची कमाई त्यांच्या स्वतःच्या खर्चाला पुरते. सूर्य डोक्यावर असताना मोकळ्या, संथ पाण्यावरून जेमतेम २ टक्के ऊन परत फिरतं, बाकीचं आत शिरतं. दाट जलपर्णीखाली मात्र जवळपास अंधार. म्हणजे कमाई बंद, आणि कुजून खाली पडणारी पानं-मुळं उरलासुरला ऑक्सिजनही खातात. शिवाय तो खायला शहराचं सांडपाणी आहेच.

पाणी आटत नाही म्हणे! ही पानं पाणी ओढून हवेत सोडतात. दाट जलपर्णी असलेल्या तळ्यातून उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडतं.

घाण शोषते, मान्य. नायट्रोजन, फॉस्फरस, काही जड धातूसुद्धा. सांडपाण्यावर ती एवढी पोसते ती त्यामुळेच. पण शोषलेलं बाहेर जातं ते जलपर्णी उपसून लांब नेली तरच. जागेवर कुजली की सगळं पुन्हा पाण्यात. ‘काढू नका’ म्हणणाऱ्यानेच हा मुद्दा पुढे करावा, कमाल आहे.

तवंगाबाबत मेसेज बराचसा बरोबर आहे. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग दाखवणारा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, त्याने उजेड फारसा अडत नाही. (गॅरेजचं काळं ऑइल जाड साचलं तर अडतो.) पण तो पातळ थरही बारीक लाटा दाबतो, आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळण्याचा वेग मंदावतो.

आळंदीला इंद्रायणीवर येणारा फेस मेसेजात नाही. ऊन अडवतो तो: आलेला उजेड बुडबुडे विखरून परत पाठवतात, म्हणून तर तो पांढरा दिसतो.