आमचा विमा माणसाचा

मराठवाड्यात विमा कंपनीत नोकरी खुशाल करावी, फक्त कुणाला सांगू नये. मी एका मोठ्या आयुर्विमा कंपनीच्या लातूर शाखेत आहे. आम्ही माणसांचा विमा उतरवतो. पण आमच्याकडे माणूस आज ना उद्या जायचाच, त्याचं एवढं काही नाही. सोयाबीन जाणं हे खरं संकट. त्यामुळे मी विम्यात आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग आमचा विमा कधी पडायलाय?"

लग्नात हा प्रश्न अक्षता पडायच्या आत येतो. केशकर्तनालयात तो वस्तरा गळ्याशी आल्यावर येतो. तिथे मी "याच आठवड्यात" असं सांगून मोकळा होतो.

"मामा, पीकविम्याच्या कंपन्या वेगळ्या. आम्हाला तो धंदा कायद्यानंच करता येत नाही," असं मी सासरच्या मामांना अनेकदा समजावलंय.

"ते खरं हाय वो दाजी. पर तुमी हाव तर विम्यातच ना? जरा फोन लावा की."

कुणाला लावू? शेवटी मीच पीकविमा पाठ केला. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा होता, २०२५ ला तो रुपया गेला आणि खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के आले. भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठरते, आपल्या बांधावर नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "एवढं सगळं ठाऊक हाय, म्हंजे वळख हायच तुमची." तेव्हापासून त्यांचा सातबारा माझ्या बॅगेत असतो.

ऑफिसात तरी सुख असावं. आमच्या संगणकाच्या मते तालुक्यातली निम्मी जनता १ जूनला जन्मली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली, तीच आधारकार्डापर्यंत चालत आली. त्या दिवशी यंत्रणा सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते आणि दिवसभर फोन वाजत राहतो, "साहेब, मेसेज आलाय, पैसे जमा झाले का?"

अर्जात आईवडील कशाने वारले हेही लिहायचं असतं. एका आजोबांनी सांगितलं, "म्हातारपणानं." वरून अर्ज परत आला: नेमका आजार कळवा. आजोबा विचारात पडले. "आजार कसला? नव्वदीतबी ज्वारी काढायला जायची. एक दिवस आली नाही." हे मी कुठल्या रकान्यात बसवू?

पण खरा कस लागतो तो महिन्याच्या आढावा बैठकीत. मुंबईचे साहेब पडद्यावर येतात.

"जुलै-ऑगस्टमध्ये लातूरचा आकडा दरवर्षी का कोसळतो?"

"सर, लोकांचे पैसे अडकलेले असतात."

"कशात?"

"जमिनीत, सर."

"रिअल इस्टेट?"

"नाही सर, सोयाबीन."

साहेबांनी बहुतेक 'रिअल इस्टेट'च लिहून घेतलं, कारण पुढच्या महिन्यात ग्राहकांना त्यातले धोके समजावून सांगण्याचं परिपत्रक आलं. ते मी मामांना वाचून दाखवलं. मामांना ते पटलं. ते म्हणाले, "धोका हायच. पर पेरावं तर लागतंय."

यंदा साहेब स्वतःच आले. ग्रामीण बाजारपेठ जवळून बघायची म्हणून त्यांना मामांच्या गावी नेलं. गाडीवर कंपनीचं नाव, त्यात 'विमा' हा शब्द ठळक. पारापाशी गाडी थांबते न थांबते तोच पोळ्याला बैल निघावेत तसं गाव बाहेर पडलं. प्रत्येकाच्या हातात सातबारा, पासबुक आणि पावतीची झेरॉक्स. मामा सगळ्यात पुढे. "रांगेत या रे, मुंबईचे साहेब हायेत!"

मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं की हे लोक आपले नव्हेत. पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी माणसं आपणहून कागदपत्रं घेऊन विम्यासाठी उभी राहिलेली त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांनी तीनदा फोटो काढले. परतीच्या वाटेवर औसा येईपर्यंत गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी मागणी आहे आणि तुम्ही मला सोयाबीन सांगता?"

सोमवारी शाखेचं टार्गेट दुप्पट झालं.