बाणाचा ण आणि आत्याची पाठ

आत्या म्हणून माझ्या वाट्याला एकच अधिकार येतो. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र्र' करून नाव सांगायचं. त्याच क्षणी मागे दबा धरून बसलेल्या बायका पाठीत धपाटे घालतात. नाव ठरवणारे वेगळेच असतात, धपाटे मात्र आत्याला.

माझा धाकटा भाऊ सचिन आणि भावजय प्राजक्ता यांना २३ सप्टेंबर २०२५ ला पहाटे चार वाजता मुलगी झाली. नवरात्राची दुसरी माळ. ठाण्याचा कायम तुंबलेला घोडबंदर रोड रिकामा मिळेल अशी वेळ तिने निवडली, यावरून पोरगी हुशार निघणार हे मी तेव्हाच ओळखलं.

गुरुजींनी पंचांग पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि परत पाहिलं. "हस्त नक्षत्र, तिसरा चरण. अक्षर ण."

"कुठला न?" आईने विचारलं.

"बाणाचा."

हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. आदल्या दुपारी आली असती तर पूर्वा झाली असती. सकाळी आठपर्यंत थांबली असती तर ठमा. आता ण वरून काय ठेवणार? शाळेतल्या तक्त्यालासुद्धा ण ने सुरू होणारा शब्द सापडला नाही, म्हणून तर तिथे बिचारा बाण काढून ठेवतात. वरच्या मजल्यावरच्या जैन शेजारीण म्हणाल्या, "आमच्यात आहे ना, णमोकार!" आईने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

रास बाजूला राहिली आणि 'बाळाचं नाव (फायनल)' हा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. दोन दिवसांत 'बाळाचं नाव (फायनल २)' काढावा लागला, कारण पहिल्यातून प्राजक्ताच बाहेर पडली.

खरं सांगायचं तर आमच्या घरात नावं पंचांगातून कमी आणि वर्तमानपत्रातून जास्त आली आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध जिंकल्याच्या आठवड्यात जन्मले ते विजयकाका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या दिवशीची आमची कोयनामावशी. ती घरात आली की मांडणीवरची भांडी अजूनही आपापसात काहीतरी बोलतात. मी ऑगस्ट १९८४ ची. त्या महिन्यात लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकलं आणि बाबांनी हळहळत माझं नाव उषा ठेवलं. तेव्हापासून ठाणे स्टेशनच्या पुलावरून मी उतरते आणि फास्ट लोकल हलते. फरक तेवढाच असतो.

सचिन १९९२ चा, म्हणजे वेगळं सांगायला नको. त्याच्या वर्गात चार सचिन होते. बाईंनी हजेरीत त्यांना लांब्या, चष्मेवाला, वागळे इस्टेटवाला आणि 'दुसरा सचिन' असं वाटून टाकलं होतं. आमचा दुसरा. सोसायटीच्या मॅचमध्ये तो बॅट घेऊन निघाला की पोरं "सऽचिन, सऽचिन" ओरडायची आणि तो पहिल्याच चेंडूवर परत यायचा. मूळ सचिनचं नाव तरी कुठे क्रिकेटवरून आलंय? त्याच्या वडिलांना सचिनदेव बर्मन आवडायचे. म्हणजे आमच्या घरात एका संगीतकाराचं नाव क्रिकेटमार्गे आलं, आणि आमच्या सचिनला ना सूर लागला ना चेंडू.

तर ग्रुपवर सूचना सुरू झाल्या. जन्माच्या आदल्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. विजयकाका बँकेतून निवृत्त. त्यांनी लिहिलं, 'बचती'. खाली हसण्याची चिन्हं आली, तर ते रागावले. ते गंभीर होते. २८ सप्टेंबरला आशिया चषकाच्या फायनलला तिलक वर्माने नाबाद ६९ केल्या आणि मध्यरात्री सचिनचा मेसेज, 'तिलका?' प्राजक्ताने ओली बाळंतीण असूनही तीन मिनिटांत 'नाही' लिहिलं. तिच्या आईने मालिकेतल्या सोशिक सुनेचं नाव सुचवलं, पण त्याच आठवड्यात सून सूडाला पेटली आणि सूचना मागे घेतली गेली. दोन संस्कृत नावं मला फार आवडली होती. ती घोडबंदरवरच्या टॉवरची निघाली. त्यातल्या एकाचा ताबा अजून मिळालेला नाही.

मी सगळ्यांना २०२० ची आठवण करून दिली. रायपूरला एका जोडप्याने जुळ्यांची नावं कोरोना आणि कोविड ठेवली होती. बातमी दोन दिवसांत शिळी होते, नाव पॅनकार्डावर बसतं. ग्रुपवर शांतता पसरली. मग कोयनामावशीने अंगठा दाखवला. तिच्याइतकं हे कुणाला कळणार?

शेवटी नवरात्र मदतीला आलं. शक्ती! छोटं, जुनं, टॉवर नाही, मालिका नाही. दसऱ्याला एकमत झालं. चार ऑक्टोबरला, शनिवारी, नौपाड्यातल्या हॉलवर बारसं. पत्रिका फिरली: 'शनिवारी सायंकाळी शक्तीचे आगमन'.

तीन तारखेला अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं. त्याचं नाव शक्ती.

हवामान खात्याने मुंबई, ठाणे, पालघर, रायगडला इशारा दिला आणि आमचे फोन वाजू लागले. डोंबिवलीचे मामा म्हणाले, "शक्ती कुठवर आलीय गं?" मी म्हटलं, "दुपट्यावर आहे, शी झालीय." विजयकाकांनी शोधून काढलं की या भागातल्या तेरा देशांनी वादळांची नावं आधीच देऊन ठेवलेली असतात आणि हे नाव श्रीलंकेचं. 'बचती' नाकारल्याचा राग होताच. "म्हणजे आपल्या पोरीचं नाव शेवटी श्रीलंकेने ठेवलं," ते हॉलवर भेटेल त्याला सांगत होते. टीव्हीवर शक्तीची तीव्रता वाढली होती. पाळण्यातल्या शक्तीचीही, कारण दुधाची वेळ टळली होती. घुगऱ्या खाता खाता अर्ध्या बायका फोनवर नकाशा बघत होत्या.

बायकांनी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" केलं, मी वाकले, कुर्र्र केलं आणि पाठीत असे धपाटे बसले की वादळ इथेच धडकलं म्हणावं. प्रत्यक्षातलं वादळ समुद्रातच विरून गेलं. आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही. माझ्या पाठीला मात्र आठवडाभर शेक द्यावा लागला.

एवढं होऊन मी सुटले, असं मला वाटलं होतं. मग ३० ऑक्टोबर आला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. २ नोव्हेंबरला तिथेच आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सचिन स्टेडियमवर होता. रात्री एक वाजता त्याचा फोन.

"ताई, जेमिमा कसं वाटतं?"

"अरे, नाव ठेवून महिना झाला!"

"बारशात ठेवलंय. दाखल्यावर कुठे लावलंय? जन्माची नोंद झालीय, नावाचा रकाना कोराच आहे. नोंदणीपासून बारा महिन्यांत फुकट लावता येतं. नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत!"

पंधरा वर्षं. त्यात किती विश्वचषक येतात, हे मी झोपेत मोजायला लागले. आता मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, तेही डोळ्यांसमोर आलं: जेमिमा प्राजक्ता सचिन. दोन क्रिकेटपटू आणि मध्ये रनआउट व्हायला प्राजक्ता.

"तिला विचारलंस?"

"ती झोपलीय. पण ताई, समजा बदललंच," पलीकडे ढोल वाजत होते, "तर कानात परत सांगावं लागेल ना गं?"

मी फोन ठेवला आणि शेकायची पिशवी कुठे ठेवली होती ते आठवू लागले.