बोअर संपत आला, डुप्लिकेट काही संपत नाही

काल संध्याकाळी माझ्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली धावतो तो सिलिंडर, पुन्हा उतरवला. तीन वर्षांत तिसऱ्यांदा. मेकॅनिकने पिस्टन काढून माझ्या हातावर ठेवला आणि काही बोलला नाही. एक्झॉस्टच्या बाजूला वरून खालपर्यंत चरे, नख अडकेल एवढे खोल. एक रिंग वितळलेल्या ॲल्युमिनियमखाली गाडली गेलेली, हलता हलेना. चारशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते! डब्यावर होलोग्राम होता, पार्ट नंबर होता. दुप्पट पैसे मोजले होते मी, कारण दुकानदार म्हणाला होता, 'साहेब, जुना स्टॉक आहे, ओरिजनल. शेवटचा पीस. माझ्या स्वतःच्या गाडीला ठेवला होता.'

तोंडावर खोटं बोलला तो माणूस.

कुणी म्हणेल, एका पिस्टनसाठी एवढं काय, दुसरा टाका. अहो, तसा टाकता येत नाही. आरएक्सचा बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भोकाचा व्यास, 50 मिलिमीटरचा. इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन आत अडकून जाम झाला, की ब्लॉकला आतून ओरखडे पडतात. मग बोअर मारून, म्हणजे आतून कातून, ब्लॉकचं भोक मोठं करायचं आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. मिलिमीटरच्या पाव-पाव भागाच्या चार पायऱ्या, संपलं. लायनर टाका, म्हणजे ब्लॉकमध्ये नवी नळी बसवा, म्हणणारे आहेत, पण लायनर टाकलेल्या दोन गाड्या मी ऐकल्यात. तो आवाज राहिलेला नाही.

मी घेतली तेव्हा माझ्या गाडीचा ब्लॉक झिरो होता, एकदाही बोअर न मारलेला. 1994 चं मॉडेल आणि झिरो ब्लॉक! नव्वद हजार त्याचेच मोजले. पहिला बोअर वयामुळे मारावा लागला, तो गाडीचा हक्क होता. त्याची तक्रार नाही. पन्नास मात्र माझ्याकडून चोरीला गेला, आता पंचाहत्तर मारावा लागणार. मग उरला फक्त शंभर.

पिस्टन तापला की फुगतो. ब्लॉक आणि पिस्टनमध्ये जागा असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. किती फुगायचं ते ठरतं ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन किती आहे त्यावर. भंगार वितळवून ओतलेला पिस्टन कसाही फुगतो आणि ब्लॉकला धरतो. बनवणाऱ्याला हे माहीत असतं आणि विकणाऱ्यालाही.

गाडी तामलवाडीच्या अलीकडे धरली, म्हणजे सीज झाली. कोजागिरीला अख्खं सोलापूर ज्या रस्त्याने तुळजापूरला चालत जातं, तोच रस्ता. मागे बायको बसली होती. आवाज एकदम कोंडल्यासारखा झाला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. गाडी आडवी सरकायला लागली. क्लच दाबला म्हणून वाचलो. मागून ट्रक असता तर? त्या डब्यावर होलोग्राम चिकटवणाऱ्याने येऊन उत्तर दिलं असतं का?

मला ही गाडी 1991 पासून हवी होती. वर्गातला एकजण चेरी रेड आरएक्स घेऊन यायचा, पार्क चौकात लावायचा. आम्ही चौघं-पाचजण नुसते भोवती उभे राहायचो. चावी त्याने कधी दिली नाही, पण एकदा म्हणाला, 'मार बे किक.' मारली. अर्ध्या किकेत सुरू झाली, आणि हातापर्यंत आलेली ती थरथर मी घरी येईपर्यंत मूठ आवळून धरली होती. त्या रात्री वडिलांना विचारलं. ते मिलच्या साचाखात्यात होते, ड्युटीवरून येऊन जेवत होते. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला त्यांच्या. 'बघू,' म्हणाले. पुढे मिल बंद पडली. मी परत विचारलं नाही. 1996 ला आरएक्स 100 बनायची थांबली तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती, मग नोकरी, लग्न, पोरींची शिक्षणं. पन्नाशीला आल्यावर गाडी दारात आली. वडील बघायला नव्हते.

म्हणून कुणी 'जुन्या गाडीचं एवढं काय मनाला लावून घेता' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पिस्टन घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बघितलासुद्धा नाही धड. 'ऑइल कमी पडलं असेल काका.' मी टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, मापाने भरतो, पंपाची नळी दर रविवारी तपासतो! तसं सांगितलं, तर गिऱ्हाईकांसमोर म्हणाला, 'आता या वयात बुलेट घ्या की, कशाला हा त्रास?' बिल मागितलं तेव्हा आठवलं, कच्च्या चिठ्ठीवर नुसता आकडा होता. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. तिथेच ओरडलो मी. चार लोक जमले, कुणी काही बोललं नाही.

अरे, डुप्लिकेट आहे म्हणून सांगा आणि डुप्लिकेटच्या भावात विका. ज्याला परवडतं तो घेईल, हळू चालवेल. ओरिजनल म्हणून का देता? पन्नाशीतला माणूस गाडीसाठी खिशात हात घालताना दोनदा विचार करत नाही, हे यांना नेमकं कळलंय.

ब्लॉक सध्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलाय. मी बोअर मारू देत नाही. कुणाच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर खऱ्या जुन्या स्टॉकचा पंचाहत्तरचा पिस्टन पडून असेल तर कळवा. म्हणाल ती किंमत देतो. फक्त डबा दाखवू नका, पिस्टन हातात द्या. आधी ब्लॉकशी मोजून बघणार, मगच पैसे.